चाकांवर आहे तोवर गाडी

इटलीच्या १९९२ च्या वाहतूक कायद्यातलं १८५ वं कलम मी पहिल्यांदा वाचलं आणि लगेच पुन्हा एकदा वाचलं. विषय तसा रुक्षच. ज्या गाडीत झोपायची-रांधायची सोय असते अशी गाडी, म्हणजे आपण ज्याला सरसकट कॅराव्हॅन म्हणतो ती, रस्त्याच्या कडेला उभी असेल तर तिला काय म्हणायचं? पार्किंग, की तळ ठोकला? पार्किंगला मुभा असते, तळ ठोकायला नसते, म्हणून कायद्याला काहीतरी ठरवणं भाग होतं. त्याने तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. गाडी फक्त चाकांनीच जमिनीला टेकली आहे ना? इंजिनाचं सोडून दुसरं काही तिच्यातून बाहेर वाहत नाही ना? आणि स्वतःच्या अंगापुरतीच जागा तिने अडवली आहे ना? तिन्ही वेळा ‘हो’ आलं, तर आत चार माणसं घोरत पडलेली का असेनात, गाडी नुसती उभी आहे. पण खाली टेकू लावला, मोरीचं पाणी सोडलं, किंवा बाजूचं छप्पर उघडून त्याखाली दोन खुर्च्या मांडल्या, की संपलं. गाडीचा मुक्काम झाला.

एका खुर्चीने कायदा बदलतो! गंमत वाटली, आणि मग लक्षात आलं की हा भेद आपल्या भाषेने कधीच करून ठेवलाय. एसटीचा असतो तो थांबा. तिथे कुणी राहत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला देतात तो उतारा. रात्र काढली तर मुक्काम. बरीच माणसं एकत्र उतरली तर तळ. आणि चूल मांडली की बिऱ्हाड. परदेशात गाडी घेऊन, तंबू घेऊन हिंडणाऱ्याला जे नियम पाळावे लागतात, त्यातले निम्मे या पाच शब्दांच्या मधल्या फटींतच बसलेले आहेत.

आमचं वैजापूर हे वाटेवरचं गाव. जुना नागपूर-मुंबई रस्ता इथूनच लासूरकडून येतो नि येवल्याकडे जातो. रेल्वे रोटेगावला थांबते. आणि आता जांबरगावजवळून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळचं आमणे असा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला आहे. तेव्हा गाडी हाणायची सवय इथल्या माणसाला नवी नाही. नवं आहे ते एवढंच, की शिकायला-नोकरीला बाहेर गेलेली मुलं आता जर्मनीतून, न्यूझीलंडहून फोन करतात: ‘बाबा, यंदा या. हॉटेल नको, गाडी घेऊ, तंबूत राहू.’ आणि बाबांच्या मनात पहिला प्रश्न येतो, आपलं लायसन तिकडे चालतं का?

त्याचं उत्तर एका छोट्या करड्या पुस्तिकेत आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओ देतं. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा, हजार रुपये शुल्क भरायचं, मुदत एक वर्षाची. या पुस्तिकेत स्वतःचं असं काहीच नसतं, ते पाहून नवल वाटतं. ती तुमच्या लायसनचं अनेक भाषांतलं भाषांतर आहे, इतकंच. मूळ लायसन घरी विसरलात तर पुस्तिकेची किंमत शून्य. कुठलं पान कुठल्या भाषेत, कुठे फोटो, कुठे शिक्का, हे १९४९ साली जिनिव्हात झालेल्या करारात ठरलं. रंगसुद्धा तिथेच ठरला. आपल्याकडे मात्र प्रत्येक राज्याची पुस्तिका आकाराने-रंगाने निराळी असायची, आणि परदेशी पोलिसाला ती खरी वाटायची नाही. २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना आला, वर क्यूआर कोड. तरी सगळं जग एकाच करारात नाही. काही देश १९४९ चा मानतात, काही १९६८ चा व्हिएन्नाचा, आणि चीन यातलं कोणतंच पुस्तक मानत नाही. ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाचं पान आधी पाहिलेलं बरं.

या सगळ्याचं मूळ आणखी मागे, १९०९ च्या पॅरिसच्या करारात आहे. तेव्हा मोटारी इतक्या थोड्या होत्या की सगळ्या देशांनी मिळून धोक्याच्या फक्त चार पाट्या ठरवल्या: पुढे उंचवटा, पुढे वळण, पुढे रस्त्यांची फुली, पुढे रेल्वेचं फाटक. अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. भाषा न येणाऱ्या परक्या माणसाला सावध करायचं तर त्याच्याशी बोलता कामा नये, हे शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं. आज घाटात दिसणारी वळणाची पाटी त्याच घराण्यातली.

आता बाजू. युरोपात उतरल्यावर पहिला अर्धा तास डोकं उलटं फिरतं, कारण रस्ता उजव्या हाताचा. लक्षात ठेवायची युक्ती एकच: चालकाचा खांदा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेकडे. इथेही तसंच असतं, आपण कधी त्या अंगाने विचार केलेला नसतो एवढंच. हाताचा मात्र घोटाळा होतो. वळायचं म्हणून इशाऱ्याचा दांडा ओढावा आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागावा. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, युरोपच्या गाड्यांत डाव्या. गमतीचा भाग असा की छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या वसाहतीत स्कोडाच्या गाड्या २००१ च्या सुमारास जुळवायला लागले, आणि त्यांनी तो दांडा युरोपातल्यासारखा डावीकडेच ठेवला. म्हणजे जिल्ह्यातल्या ज्यांनी स्कोडा चालवली, त्यांच्या डाव्या हाताची परदेशवारी घरबसल्याच झाली.

डावं-उजवं हे निसर्गाने ठरवलेलं नाही, शेजाऱ्याकडे बघून ठरवलेलं आहे. १९२८ साली पोर्तुगालने डावी बाजू सोडून उजवी धरली. पण त्याच्याच अमलाखालच्या गोव्याने डावी सोडली नाही, कारण सीमेपलीकडे सावंतवाडी-बेळगावचा रस्ता डावीकडूनच चालत होता. राज्य लिस्बनचं, रस्ता शेजाऱ्याचा! स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे बाजू बदलली. पाचला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, हळूच पलीकडच्या बाजूला गेल्या, आणि पाच वाजेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. सामोआ या बेटांच्या देशाने २००९ साली उलट केलं, उजवीकडून डावीकडे. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या वापरलेल्या गाड्या स्वस्त मिळाव्यात म्हणून.

जर्मनी-फ्रान्सच्या गल्ल्यांत आणखी एक गोष्ट आपल्याला घाम फोडते. चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो गल्लीतून आला तरी, त्याची सायकल असली तरी. हा परका कायदा म्हणून आपण कौतुकाने घोकतो. पण १९८९ च्या आपल्याच रस्त्याच्या नियमांत अगदी हेच लिहिलेलं होतं: मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसेल त्या चौकात उजव्या हाताने येणाऱ्याला वाट द्या. वैजापूरच्या चौकात आजवर ज्याने जोरात हॉर्न वाजवला तो पुढे गेला, तेव्हा हे कलम कुणाच्या कानावर पडलं नसलं तर नवल नाही.

पण मला सर्वांत मोहात पाडलं ते पुठ्ठ्याच्या एका घड्याळाने.

जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये, फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी गाडी लावायला पैसे लागत नाहीत, पण वेळेची मर्यादा असते. वेळ मोजायला तिथे ना माणूस, ना यंत्र. गाडीत एक निळी चकती असते, पेट्रोल पंपावरही मिळते. तिच्यावरचा काटा आपण फिरवायचा, आलो ती वेळ दाखवायची आणि काचेमागे ठेवून निघून जायचं. तुम्ही किती वाजता आलात ते तुम्हीच सांगायचं! पॅरिसने १९५७ साली निळा पट्टा आखून हे सुरू केलं. त्याआधी, १६ जुलै १९३५ ला, अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत पहिलं पार्किंग मीटर बसलं होतं. तासाला पाच सेंट टाका, काटा सरकेल. एका मुलखाने यंत्रावर भरवसा ठेवला, दुसऱ्याने चालकावर.

चकतीचं गणितही ऐकण्यासारखं आहे. जर्मनीत तुम्ही दहा वाजून दहा मिनिटांनी आलात, तर काटा दहा-दहावर ठेवायचा नाही. पुढच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर ठेवायचा, म्हणजे साडेदहावर. दोन तासांची मुभा असेल तर ती साडेबारापर्यंत. मधली वीस मिनिटं कायद्याने पदरात टाकलेली. आपल्याकडे भाजीवाली तोलून झाल्यावर वर मूठभर टाकते, तसंच हे. पण खोडी काढाल तर फसाल. मध्येच येऊन, गाडी न हलवता, काटा पुढे सरकवणं हा गुन्हा. घड्याळासारखी आपोआप पुढे सरकत राहणारी चकतीही चालत नाही. २०१३ पासून जर्मनीने बॅटरीवरची चकती मान्य केली आहे, पण तिची अट अशी, की गाडी थांबली की वेळ दाखवायची आणि मग गप्प बसायचं.

या घड्याळाने लळा लावला तोवर रेघांच्या रंगांनी गोंधळ घातला. स्वित्झर्लंडमध्ये निळी रेघ म्हणजे चकती लावा, फुकट थांबा. पांढरी रेघ म्हणजे बहुतेकदा पैसे टाका. दक्षिणेला कियासो नावाचं स्विस गाव आहे, त्याला लागूनच इटलीची हद्द आणि पलीकडे कोमो. हद्द ओलांडली की निळी रेघ म्हणजे पैसे टाका आणि पांढरी म्हणजे फुकट! वैजापूरहून येवल्याला जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात रंगाचा अर्थ उलटा होतो. पिवळी रेघ दोन्हीकडे आपल्यासारख्यांसाठी नाही, एवढा एकच दिलासा.

स्विस मोटारमार्गाचा टोल हाही असाच निराळा प्रकार. नाके नाहीत, फास्टॅग नाही, किलोमीटर मोजणं नाही. वर्षाचे ४० फ्रँक भरा आणि काचेवर टिकली लावा. टिकलीची मुदत बारा नव्हे, चौदा महिन्यांची: आदल्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत. तीन दिवस गेलात तरी ४० फ्रँक, रोज गेलात तरी ४० फ्रँक. २०२३ च्या ऑगस्टपासून ती टिकली मोबाइलवरूनही घेता येते.

महामार्गावर थांबण्याचा विषय मात्र हसण्यावारी नेण्याचा नाही. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, समृद्धीवर, सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. भरवेगाच्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला पुढची गाडी किती हळू आहे किंवा थांबली आहे का, हे फार उशिरा कळतं. कारण सोपं आहे. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच गाडी चाळीस-पन्नास मीटर गेलेली असते, आणि रात्री समोरचे लाल दिवे चालते आहेत की थांबलेले, हे डोळ्याला लवकर उमगत नाही. म्हणूनच जर्मनीत ऑटोबानवर उगाच थांबणं हा गुन्हा आहे. पेट्रोल संपलं म्हणून थांबलात तरी दंड होऊ शकतो, कारण पेट्रोल अचानक संपत नाही. गाडी बंदच पडली तर चमकणारं जाकीट घालायचं, कठड्यापलीकडे जायचं, आणि मागे बरंच अंतर चालत जाऊन लाल त्रिकोण ठेवायचा. यातली विसंगती स्पेनला दिसली: त्रिकोण ठेवायला जाणारी माणसंच गाड्यांखाली सापडत होती. १ जानेवारी २०२६ पासून स्पेनने त्रिकोणाऐवजी टपावर ठेवायचा चमकता दिवा सक्तीचा केला. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, दिवा टपावर ठेवायचा. खाली उतरायचं नाही.

आणि वाहतूक तुंबली तर? सगळ्यात डावीकडच्या रांगेने डाव्या कडेला सरकायचं, उरलेल्या सगळ्यांनी उजव्या कडेला. मधे वाट तयार होते, रुग्णवाहिकेसाठी. उजवा तळहात पालथा समोर धरा: अंगठा एकीकडे, चार बोटं दुसरीकडे, मधली फट म्हणजे ती वाट. जर्मनीत ती रुग्णवाहिका दिसल्यावर नव्हे, वाहतूक मंदावली की लगेच करायची असते. पुण्यात विसर्जनाच्या गर्दीतून रुग्णवाहिकेला फटीसारखी वाट फुटते तेव्हा आपण ते दृश्य कौतुकाने पाहतो. तिथे ते शिकवलेलं असतं, इथे त्या क्षणी सुचतं.

रात्र झाली की पुन्हा ती खुर्ची समोर येते. जर्मनीत रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये गाडीत एक रात्र झोपायला साधारणपणे हरकत घेत नाहीत. कारण कायद्याच्या भाषेत तुम्ही सहलीला नाही, तर गाडी चालवण्याइतके ताजेतवाने होण्यासाठी थांबला आहात. पेंगुळलेला चालक हा धोका, म्हणून त्याची झोप हे वाहतुकीचं काम! पण सकाळी बाहेर टेबल मांडून चहा केलात, तर झोप संपली आणि सहल सुरू झाली. स्वीडनमध्ये रानात कुणाच्याही जमिनीवर, घरापासून लांब, एखाद रात्र तंबू ठोकण्याचा जुना हक्क आहे. १९९४ पासून त्याचा उल्लेख राज्यघटनेतही आहे. मात्र तो हक्क पायांना आहे, चाकांना नाही. रानात गाडी घालायला बंदी. समुद्रकाठच्या कितीतरी वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटर उंचीवर आडवा दांडा असतो. साधी मोटार खालून जाते, कॅराव्हॅनचं डोकं अडतं. पाटी वाचायची गरजच नाही.

न्यूझीलंडने खुर्चीऐवजी संडास धरला. २०११ च्या कायद्याने तिथे मोकळ्या जागी गाडीत राहण्याचे नियम आले, आणि २०२३ च्या दुरुस्तीने अट घातली, की गाडीत पक्का बसवलेला संडास असेल तरच काचेवर हिरवा दाखला. गाडीने तीन दिवसांचं पाणी आणि तीन दिवसांची घाण पोटात सांभाळली पाहिजे. इटलीने म्हटलं, काही सांडू नका. न्यूझीलंडने विचारलं, मग ठेवणार कुठे ते दाखवा.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण तळ कसा बसवायचा हे आपल्याला धोरणाने शिकवलेलं नाही. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावाच्या शिवारात भरतो, आणि पीक निघालेल्या रिकाम्या रानाचा वाहनतळ होतो. वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो आणि माणसं पोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. चुन्याच्या रेघा, दोऱ्या आणि एक शिट्टी, एवढ्यावर लाखांची व्यवस्था चालते.

आणि उन्हाळ्यात वैजापूरच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरतात. घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागे कुत्रा, आणि शेकडो मेंढ्या. संध्याकाळी वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि मेंढ्या आत बसतात. चूल बाहेर पेटते. इटलीच्या कलमाने पाहिलं तर तिन्ही अटी मोडल्या: जमिनीत खुंट्या रोवल्या, जागा अंगापेक्षा कितीतरी जास्त अडवली, आणि बाहेर सांडण्याची तर गोष्टच नको. पण हे कुणापासून चोरून चाललेलं नसतं. शेतकऱ्याने बोलावून घेतलेलं असतं, आणि मेंढ्या बसवण्याचे धान्य किंवा पैसे तोच धनगराला देतो. कारण न सांडण्याची अट त्याला मोडूनच हवी असते. सकाळी वाघर उचलली की तो वाकून रान पाहतो, लेंड्या नीट पसरल्यात का. एखादा कोपरा कोरडा दिसला की बोट दाखवून म्हणतो, ‘बाबा, आज रात्री त्या तुकड्यात बसवा.’